गेर्डाचे दोन तास

मी भाडेकरू ठेवते आणि हाकलते. माझ्या खोल्या म्हणजे सर्व्हर, आणि हाकलायला मला दोन मिनिटं पुरतात.

सिअ‍ॅटलमधली आमची कंपनी गर्दीच्या चार दिवसांसाठी म्हणून डोंगराएवढी यंत्रं बांधून ठेवते. उरलेलं वर्ष त्यातली कितीतरी नुसती गरम हवा सोडत बसतात. रिकामं यंत्र म्हणजे आमच्या लेखी उन्हात ठेवलेलं दूध. म्हणून ती आम्ही पूर्ण भावाच्या दहाव्या हिश्श्याला कुणालाही देतो. मागणी चढली की भाव चढवायचा, मागणी बसली की उतरवायचा. हा भाव ठरवणाऱ्या गटाची मी प्रमुख. अट एकच. पूर्ण भाव मोजणारा दारात आला की दोन मिनिटांची नोटीस मिळते, मग गादी गुंडाळायची आणि चालू पडायचं. आमचे भाडेकरूही तसलेच असतात. कुणी औषधांचे रेणू तपासतं, कुणी कार्टूनचे ससे रंगवतं. काम अर्ध्यावर तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून, हाय काय अन् नाय काय.

आणि मला विकता येतं. "शंभरातल्या शहाण्णव वेळा तुमच्या यंत्राला कुणी हातसुद्धा लावत नाही," हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. खोटं नव्हतं ते. आजही नाही.

सगळ्यात सोपं गिऱ्हाईक मला माझ्याच घरात मिळालं.

माझे बाबा, हाल्वर त्वेतेन, इथून उत्तरेला तासाभरावर नदीकाठी बटाटे लावतात आणि बांध मंडळाचे अध्यक्ष आहेत. अध्यक्ष म्हणजे काय, तर पूर आला की सर्वांत आधी भिजायचं आणि नंतर सगळ्यांच्या शिव्या खायच्या. आमच्या खोऱ्यातली अर्धी जमीन नदीच्या पाण्याहून खाली आहे, मध्ये फक्त मातीचा बांध. त्या बांधाची एक बाजू दबलेली आहे, आणि त्या दबलेल्या बाजूच्या अगदी पायाशी गेर्डा डी फ्रीसचं घर.

गेर्डाबाईंनी मला वाढवलं. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. शाळेची बस मला आमच्या दारात न सोडता त्यांच्या दारात सोडायची, हे कुणी ठरवलं ते मला अजून ठाऊक नाही. ट्यूलिपच्या कांद्यांनी भरलेली त्यांची पडवी, त्यांचा तो डच खडूसपणा, "आधी हात धू, मग रड" म्हणणं. आता त्या एक्क्याऐंशीच्या होत्या. दोन्ही खुबे बदललेले, चालायला चाकांचा आधार. घरापर्यंत जाणारा रस्ता एकच, आणि तो घराहूनही खाली. बांधावरून पाणी येण्याच्या तासभर आधीच तो झिरपणीने बुडतो.

म्हणून बाबांचा हिशोब ठरलेला होता: पाणी बांधावरून येणार असेल तर दोन तास आधी गेर्डाला हलवायचं. त्याहून उशीर झाला तर रस्ता सापडेलच असं नाही. त्याच्या फार आधी जावं तर बाई तयार होत नाहीत. "दर नोव्हेंबरला मला गाठोड्यासारखं उचलून नेता आणि दर नोव्हेंबरला घर कोरडं," म्हणून एकदा त्यांनी बाबांना दारातून परत पाठवलं होतं. पाणी खरंच येणार असलं तरच त्या उठायच्या. तेव्हा ते दोन तास नेमके कळणं, एवढंच हवं होतं.

माझ्या आजोबांच्या वेळेपासून ते खिळ्यांवरून कळायचं. जुन्या पुलाच्या लाकडी खांबाला त्यांनी अर्ध्या अर्ध्या फुटावर बारा खिळे ठोकलेत. कितवा खिळा किती वेळात बुडाला ते बघायचं आणि अंदाज बांधायचा. निम्म्या वेळा चुकायचा.

मला याचं हसू यायचं. माझ्या हाताशी लाखो यंत्रं आणि बाप खिळे मोजतोय. खोऱ्यात राहायला आलेल्या एका निवृत्त प्राध्यापकाने पुराचा अंदाज काढणारा एक प्रोग्राम लिहिला होता. पाऊस, डोंगरावरचा बर्फ, वरच्या धरणाचं पाणी, सगळं धरून तो नदी किती वाजता किती फुगेल ते सांगायचा. पण त्याला एका वेळी वीस दणकट यंत्रं लागायची. बांध मंडळाकडे एक जुना पंप आणि कॉफीचं मशीन. आमची कंपनी आपल्या प्रत्येक कामगाराला दरमहा थोडे रिकामे तास फुकट देते, खेळायला म्हणून. मी माझे तास बाबांना दिले. पूर्ण भावाची यंत्रं घ्यायची माझी ऐपत होती, नाही असं नाही. पण रिकामी यंत्रं असताना पूर्ण भाव द्यायचा हे मला माझ्या धंद्याचा अपमान वाटलं.

"मध्येच काढून घेतली तर?" बाबांनी तेव्हा विचारलं होतं.

"शंभरातल्या शहाण्णव वेळा कुणी हात लावत नाही."

"आणि उरलेल्या चार?"

"बाबा, तू बटाटे विकतोस तेव्हा शंभरात चार सडके निघतात की नाही? म्हणून गिऱ्हाईक पळून जातं का?"

ते हसले. मला वाटलं, जिंकले.

आमच्याकडे प्रत्येक कामाला नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं, 'गेर्डाचे दोन तास'. दर तीन तासांनी काम सुरू व्हायचं, दीड तास चालायचं आणि आकडा एका पानावर झळकायचा. बाबा तो फोनवर बघायचे. तीन हिवाळे तो आकडा पाव तासाच्या आत बरोबर आला. खिळ्यांकडे बघायला कुणी जाईना.

थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार आमच्यासाठी वर्षाचा सगळ्यात मोठा दिवस असतो. सगळा देश ताटातली टर्की बाजूला सारून खरेदीला बसतो, आणि दुकानांना आमची यंत्रं हवी असतात, सगळी, एकदम. त्या दिवशी मी ऑफिसात भावांचा पडदा लावून बसते. स्वस्त भाडेकरू धडाधड बाहेर, पूर्ण भावाचे आत. आदल्या बुधवारी सगळ्या भाडेकरूंना पत्र जातं की बाबांनो, शुक्रवारी सांभाळून. ते पत्र माझ्याच सहीचं असतं. पण ते जातं पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकांना. फुकटचे तास वापरणाऱ्या कामगारांना कोण पत्र लिहिणार, त्यांना तर माहीतच असतं.

मला माहीत होतं. माझ्या डोक्यात ते एका खणात होतं आणि गेर्डाबाई दुसऱ्या खणात.

पावसाचंही माहीत होतं. गुरुवारी बाबांकडे जेवायला गेले तेव्हापासून कोमट पाऊस लागला होता, डोंगरावरचा बर्फ वितळवणारा. गेर्डाबाई टेबलाच्या टोकाला बसून माझ्या लेफ्सेला नावं ठेवत होत्या. बटाट्याची पोळी लाटायला नॉर्वेच्या पोरींना एका डच बाईने शिकवायचं, काय दिवस आलेत, म्हणाल्या. निघताना त्यांनी माझ्या हातात भोपळ्याची पाई दिली, ऑफिससाठी.

"उद्या पाऊस वाढला तर बाबा न्यायला येईल हां," मी म्हटलं. "या वेळी नाटकं करू नका."

"तुझं मशीन ये म्हणालं की येईन. त्याच्यावर माझा विश्वास आहे. तुझ्या बापावर नाही."

शुक्रवारी सकाळी सहाच्या अंदाजाने आकडा दिला: नदी दुपारी चारला सर्वांत जास्त फुगेल, तरी बांधाच्या दोन फूट खाली. म्हणजे काळजी नाही. मी तो आकडा बघितला, बाबांना 'झकास' असं लिहून पाठवलं आणि कामाला लागले.

नऊ वाजून चाळीस मिनिटांनी एका मोठ्या दुकानदाराला अचानक आणखी अकराशे चाळीस यंत्रं हवी झाली. टीव्हीवर सूट दिली होती आणि गिऱ्हाइकांची पानं उघडेनात. आमच्याकडे सुटी यंत्रं संपली होती. राहिले होते ते अर्ध्या तासाहून जास्त वेळ चाललेल्या कामांचे भाडेकरू. त्यांना काढायचं तर त्या दिवशीच्या जबाबदार माणसाला स्वतः मंजुरी द्यावी लागते. ती मीच होते. पडद्यावर चौकट आली. त्यात नावं नसतात, फक्त आकडा असतो, ११४०. मी 'हो' दाबलं. आमच्या गटातला रेनाटो बालुयोत शेजारून म्हणाला, "बाई, तुझा हात थरथरत कसा नाही?" मी म्हटलं, "टीव्हीवाल्यांचा थरथरतोय, तेवढा पुरे."

नोटीस अर्थातच गेली. कुठे गेली, तर माझ्या ईमेलवर, कारण काम माझ्या नावावर होतं. आता हे कसं सांगू. आमच्या गटाची यंत्रं चाचणीसाठी दिवसभर सुरू होतात आणि हाकलली जातात, त्यामुळे असल्या दोन मिनिटांच्या नोटिसा आम्हाला रोज हजारांनी येतात. नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी आम्ही एकच गोष्ट शिकवतो: या नोटिसा आपोआप एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये जातील असं करून ठेव, नाहीतर वेडा होशील. माझं ते फोल्डर मी चार वर्षांत उघडलेलं नव्हतं. जगाला नोटीस देणारे आम्ही, आमच्या नोटिसा आम्ही वाचत नाही.

दहा पन्नासला बाबांचा फोन आला.

"मारेन, तुझं पान बरोबर आहे ना?"

मी एका हाताने फोनवर पान उघडलं. चार वाजता, दोन फूट खाली. "बरोबर आहे. का?"

"मी पुलावर गेलो होतो. सातवा खिळा गेला. आठवा दिसतोय न दिसतोयसा. पाण्याचा रंगही बरा नाही."

"खिळे? बाबा, तीन वर्षांत एकदा तरी चुकलंय का ते? तुझा त्या गंजलेल्या खिळ्यांवर भरवसा आहे आणि पोटच्या पोरीवर नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं? माझ्या डोक्यावर इथे सगळा देश बसलाय आज. चार म्हणजे चार. बांधावरच्या पोरांना जेवायला सोड, भिजून मरतील. आणि गेर्डाबाईंना उगाच उठवू नकोस, पुन्हा माझ्या नावाने ओरडतील."

त्यांना आणखी काही बोलायचं होतं, हे मला तेव्हाही कळलं.

"बरं," ते म्हणाले. "तू म्हणतेस तर चार."

पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, अंदाज किती वाजताचा. तिथे सहा लिहिलं होतं. नऊला सुरू झालेल्या कामाचा नवा अंदाज साडेदहाला यायला हवा होता. मी तळापर्यंत गेलेच नाही.

बाराच्या सुमाराला गर्दी ओसरली. एकही मोठं गिऱ्हाईक अडकलं नव्हतं. आमच्याकडे एक रीत आहे: त्या शुक्रवारी काम निभावलं की घरून आणलेल्या पाई कापायच्या आणि सकाळपासून हाकललेल्या कामांची नावं मोठ्याने वाचायची. लोक काय काय नावं ठेवतात. 'प्लीज मला मारू नका'. 'बायकोला सांगू नका'. 'शेवटचा प्रयत्न सात'. एकेका नावावर आम्ही हसून लोळतो. क्रूर आहे, मला कळतं. पण दिवसभर माणसं हाकलल्यावर हसायला काहीतरी लागतं.

रेनाटो खुर्चीवर उभा राहून वाचत होता. माझ्या ताटलीत गेर्डाबाईंच्या पाईचा तुकडा होता, घास तोंडात.

"नऊ बेचाळीस," तो म्हणाला, "अकराशे चाळिसांची तुकडी. हे ऐका. 'ससा क्रमांक नऊ, कान सोडून'." हशा. "'देवा, पीएचडी'." मोठा हशा. "आणि हे, वीस यंत्रं, 'गेर्डाचे दोन तास'. कोण बुवा ही गेर्डा? दोन तासांत काय करते?"

सगळे हसले. मीही हसले. खरंच सांगते, हसण्याचा आवाज माझ्या तोंडातून बाहेर पडला, आणि मग मला ऐकू आलं की तो काय म्हणाला.

घास गिळता येईना, थुंकता येईना. मी पान उघडून तळाशी गेले. सकाळी सहा. मी फोल्डर उघडलं. एक्केचाळीस हजार न वाचलेल्या नोटिसा. शोधल्यावर ती सापडली. 'आपली यंत्रं दोन मिनिटांत परत घेतली जातील. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' त्यातलं क्षमस्व मीच घातलं होतं, मागल्या वर्षी, गिऱ्हाइकांना बरं वाटावं म्हणून.

भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"रेनाटो, वीस यंत्रं दे. आत्ता."

"कुठून देऊ? काडीएवढं रिकामं नाही. तूच तर..." माझं तोंड बघून तो खुर्चीवरून उतरला. "काय झालं?"

मी बाबांना फोन लावला. तीनदा वाजला.

"बाबा, पान खोटं आहे. जुनं आहे. गेर्डाबाईंना काढ."

ते ओरडले नाहीत. वाऱ्यात त्यांचा आवाज लांबून येत होता. "रस्ता गेला, पोरी. दहा मिनिटं झाली. मी ट्रॅक्टरवर आहे, बघतो." फोन बंद झाला.

बांधावरून पाणी एक वाजायच्या आत आलं.

मी गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. महामार्गावर दोन्ही बाजूंनी लोक टीव्हीचे खोके टपावर बांधून घरी चालले होते, एवढं आठवतं. खोऱ्याच्या तोंडाशी रस्ता अडवलेला होता. अग्निशमन केंद्राच्या शेडमध्ये सगळे जमले होते, ओले. बाबा बाकावर बसले होते, छातीपर्यंत चिखल. ट्रॅक्टर दोनदा घातला, दोनदा बंद पडला, मग ते पोहत निघाले तेव्हा लोकांनी त्यांना धरून मागे ओढलं. बोट दोन वाजता आली. गेर्डाबाई स्वयंपाकघरात सापडल्या.

मी उभी होते. मला रडू येत नव्हतं. मला फक्त राहून राहून वाटत होतं की हे असं होत नसतं. शंभरात शहाण्णव. तीन वर्षांचा हिशोब माझ्याकडे होता. ते उरलेले चार वर्षभर सुटे सुटे पसरलेले असतील असं मी कशावरून धरलं होतं? ते चारही असल्याच दिवशी येणार. सगळ्यांना हवं असतं तेव्हाच काढून घेतलं जातं. आमचा धंदाच तो आहे, आणि तो मी नव्या लोकांना फळ्यावर चित्र काढून शिकवते.

मंडळाच्या एकाने बाबांना विचारलं, "हाल्वर, आम्हाला जेवायला का सोडलंस? पान काय म्हणत होतं?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पान बरोबर होतं," ते म्हणाले. "मी वाचताना चुकलो. चष्मा नव्हता."

मी तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की वळ उठले. आणि मी, जिचं तोंड कुणी कधी बंद करू शकलं नाही ती मी, गप्प राहिले.

सोमवारी ऑफिसात शुक्रवारचा अहवाल भरायचा होता. त्यात एक रकाना आहे, 'ग्राहकांना झालेला त्रास'. स्वस्त यंत्र परत घेणं हा त्रास धरायचा नाही, कारण भाडेकरूला आधीच सांगितलेलं असतं. हा नियम चार वर्षांपूर्वी मीच लिहिला. रेनाटोने रकाना मोकळा सोडून कागद माझ्यापुढे ठेवला आणि कॉफी आणायला म्हणून निघून गेला. मी त्यात लिहिलं, 'गेर्डा डी फ्रीस, वय ८१'. दुपारी वरून उत्तर आलं, अगदी सभ्य भाषेत, की या नावाचं कुठलंही ग्राहक खातं आढळलं नाही, तरी दुरुस्त करून शून्य लिहावं.

मी ते उत्तर बंद केलं आणि घरी गेले. शून्य कुणीतरी लिहिलं असेल.

बुधवारी दफन झालं. चर्चबाहेर लोक बाबांशी हात मिळवत होते, पण नजर चुकवत. परतताना ट्रकमध्ये मी म्हटलं, "मी रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझा चष्मा नाकावरच होता."

"सांग," ते म्हणाले. "सांगायचंच असेल तर सगळं सांग."

"सगळंच सांगणार."

"तुला सगळं ठाऊक नाही." त्यांनी ट्रक पुलाशी थांबवला. पाणी उतरलं होतं, बाराही खिळे उघडे पडले होते. ते काचेतून तिकडेच बघत राहिले. "त्या दिवशी मी तुला फोन केला ना, त्याच्या आधी तिचा मला आला होता. म्हणाली, हाल्वर, अंगणात पाणी बुडबुडतंय, मला या वेळी लवकर ने. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली. मी म्हटलं, थांब, मारेनला विचारतो."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुझ्याशी बोलून झाल्यावर मी तिला कळवलं, मारेन म्हणते चार. तर म्हणाली, मारेन म्हणते तर मग बसते." त्यांनी ट्रक पुन्हा सुरू केला. "बोटवाल्यांनी तिला आणलं तेव्हा तिने कोट घातलेला होता, पोरी. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. पिशवी मांडीवर होती."